नकटीने शेवटचं काय हुंगलं

१

"मामा, नकटी गेली."

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. फोनवर भाची होती, आणि तिचा आवाज घरातलं माणूस गेल्यासारखाच होता.

"गेली म्हणजे? चोरीला?"

"मेली. कुणीतरी विष घातलं म्हणतात. बाबा कालपासून जेवले नाहीत. त्यांच्या हाताखालची ती टाचणी आहे ना, तिच्यावर आळ आलाय. दुपारी समिती बसणार आणि संध्याकाळपर्यंत तिला घरी बसवणार. मामा, तू ये."

"येतो. समिती बसायला वेळेवर बसते, पण उठायला वेळ लावते. तेवढ्यात होईल काहीतरी."

"आणि आईचा निळा रुमाल तुझ्याकडे आलाय का बघशील? डोक्याला बांधायची तो. कपाट आवरलं, कुठे मिळत नाहीये."

"माझ्याकडे कशाला येईल, ठमे?" मामा म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र ते उगाचच स्वतःच्या कपाटात पाहून आले.

मामा म्हणजे विमा कंपनीचे निवृत्त सर्व्हेअर. जळालेली गोदामं, बुडालेल्या होड्या, आपोआप पेटलेल्या आणि त्याआधी आपोआप रिकाम्या झालेल्या गिरण्या, हे सगळं पाहण्यात त्यांची हयात गेली. माणूस खोटं बोलतो, राख बोलत नाही, असं ते म्हणत. साऱ्या नोकरीत त्यांनी एकही खोटा अहवाल दिला नव्हता. त्यामुळे त्यांना बढतीही मिळाली नव्हती. गेल्या वर्षीच्या तापात त्यांचं नाक कायमचं गेलं. म्हणजे नाक जागेवर होतं, वास तेवढा येत नव्हता. दूध उतू गेलेलंही त्यांना शेजारीण सांगे.

आणि नकटी म्हणजे भाऊजींचं यंत्र. शिवणयंत्राच्या पेटीएवढा डबा. पुढून चपटा, मध्ये बोटभर नळी, म्हणून नकटी. डब्यात मिरीच्या दाण्याएवढे आठ मणी एकामागून एक बसवलेले, कायम तापलेले. नळीतून हवा आत ओढली की प्रत्येक मणी तिला आपापल्या परीने ओळखे, आणि पडद्यावर आठ रेघा उठत. शीतगृहात अमोनिया गळू लागला, तर कामगाराच्या नाकाला कळायच्या कितीतरी आधी नकटीला कळे. हे आठ मणी घडवण्यात भाऊजींचं अख्खं आयुष्य गेलं. सोमवारी कारखाने तपासणारी मंडळी ती पाहायला येणार होती. त्यांनी हो म्हटलं की नकटी शीतगृहाशीतगृहातून लागणार होती.

नाव ठेवलं होतं मामांच्या बहिणीने. "जेवली का माझी सवत?" असं ती भाऊजींना रात्री विचारी. एकदा अनुदान फेटाळलं गेलं, एकदा प्रयोगशाळेत पाणी शिरलं, एकदा तर संचालकांनीच नकटीवर कुंडी ठेवली. दर वेळी ताई हसून म्हणे, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं."

सतराशेवं राहिलं होतं. ते आता आलं, आणि हसायला ताई नव्हती. तिला जाऊन सहा महिने झाले होते.

२

प्रयोगशाळेच्या दारात संचालक उभे होते. माणूस भला होता, फक्त त्याला निर्णय घ्यायला आवडे, आणि तेही माहिती यायच्या आत.

"आपण कोण?"

"मी यांचा मेव्हणा."

"हा संस्थेचा अंतर्गत मामला आहे."

"मीही अंतर्गतच आहे," मामा म्हणाले आणि आत गेले.

भाऊजी खिडकीशी बसले होते. सदऱ्याची गुंडी वरखाली लागलेली. ताई असती तर दाराबाहेर पडू दिलं नसतं. त्यांनी मामांकडे पाहून मान हलवली आणि परत बाहेर पाहू लागले. कोपऱ्यातल्या स्टुलावर टाचणी बसली होती. नाव तिला शोभत होतं. बारीक, ताठ, आणि बोलली की टोचणारी. आज डोळे सुजले होते.

"यांच्या खणात हे सापडलं," संचालक एक अर्धी पिळलेली ट्यूब नाचवत म्हणाले. "सिलिकोन! काचेच्या फटी बुजवायची लापी. या प्रयोगशाळेत सिलिकोन आणणं म्हणजे देवघरात..." त्यांना पुढची उपमा सुचली नाही. "म्हणजे फारच वाईट."

"माझी माशांची टाकी गळत होती," टाचणी म्हणाली. "डबक्यात मासे ठेवू का? बाहेरच्या दुकानातून आणली, घरी वापरली, पिशवीत राहिली, खणात पडली. चूक झाली. पण मी नकटीला विष घालीन? सर, तुम्ही तरी बोला ना काहीतरी!"

भाऊजी बोलले नाहीत. मामांना ते खटकलं. पेटलेल्या गोदामाचा मालक गप्प बसला, की मामा आधी मालकाकडे पाहत.

"मला अडाण्याला सांग, मुली," ते म्हणाले. "सिलिकोनने काय होतं?"

"त्याची वाफ तापलेल्या मण्यावर बसते आणि जळून तिची काच होते. इतकी पातळ की दिसत नाही. मणी काचेत गाडला जातो. चालू दिसतो, तापतो, पण त्याला वास येत नाही."

"माझ्यासारखाच," मामा म्हणाले.

टाचणीला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. "म्हणून सरांचे नियम असतात. लापी नाही, फर्निचरचं पॉलिश नाही, हाताला क्रीम नाही, केसांना काही चमकदार लावायचं नाही. मी इथे आल्यापासून माझे केस बघा, झाडूसारखे झालेत. आणि त्या... सरांच्या घरी तर बाईंनी सुद्धा..." ती थांबली.

मामांना ते माहीत होतं. लग्नात आलेली अत्तरं, क्रीमं, रंगीत बाटल्या ताईने पहिल्याच महिन्यात वाटून टाकल्या होत्या. भाऊजींच्या कपड्यांना लागून काही प्रयोगशाळेत जाऊ नये म्हणून. गुडघ्यापर्यंत केस होते तिचे, आणि त्यांना आयुष्यभर साधं खोबरेल.

"भांडण होतं का यांचं सरांशी?" मामांनी संचालकांना विचारलं.

"महिनाभर या शीतगृहात जोडणीच्या कामावर होत्या. परवा आल्या. त्यांना बढती हवी होती, सरांनी शिफारस अजून दिलेली नाही. हेतू स्पष्ट आहे."

"शिफारस तुमच्या टेबलावर आहे," भाऊजी खिडकीकडे पाहतच म्हणाले. "तुम्ही वाचली नाही."

संचालकांनी घड्याळाकडे पाहिलं. "समिती दोन वाजता. कुणाला तरी जबाबदार धरावं लागेल. त्याशिवाय समितीला शोभा नाही."

३

मामांनी आधी मिस्त्रींना गाठलं. गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या खिडकीची काच त्यांनीच बदलली होती.

"लापी कुठली वापरलीत?"

"साधी, खडू आणि तेलाची. आजोबांच्या वेळची," मिस्त्री म्हणाले. "ती सिलिकोनची ट्यूब घेऊन आलो होतो एकदा. हे साहेब जिन्यावरून ओरडत आले. अजून कानाला दडे बसलेत."

मामांनी काचेच्या कडेला नख लावून पाहिलं. कोरडी खपली निघाली. मिस्त्री खरं बोलत होते.

मग त्यांनी वर पाहिलं. दारावर गॅसची गळती सांगणारी एक साधी घंटी होती, घरोघरच्या स्वयंपाकघरात असते तशी.

"हिच्यातही मणीच असतो ना?"

"असतो," टाचणी म्हणाली. "गरीब नातेवाईक आहे नकटीची."

"लायटर आहे का कुणाकडे?"

संचालकांनी सिगारेट सोडल्याचं साऱ्या संस्थेला ठाऊक होतं. लायटर त्यांच्याच खिशातून निघाला. मामा स्टुलावर चढले आणि ज्योत न पेटवता त्यातला गॅस घंटीजवळ सोडला. घंटी अशी कोकलली की भाऊजीसुद्धा दचकले.

"ही ठणठणीत आहे," मामा उतरत म्हणाले. "खोलीत विष पसरलं असतं, तर ही आधी गेली असती. म्हणजे खिडकी सुटली, आणि खणातली बंद ट्यूबही. विष हवेत नव्हतंच. ते नळीतून थेट नकटीच्या पोटात गेलं."

"ट्यूब नळीला लावली असेल!" संचालक म्हणाले.

"त्याचं उत्तर नकटीच देईल. मुली, आठही मणी एकेक करून तपासता येतील?"

टाचणीने डोळे पुसले आणि कामाला लागली. काम सुरू झालं की तिचे हात स्थिर होत. पहिला मणी दगड. दुसरा, तिसरा, चौथा तसेच. पाचवा मेल्यातच जमा. सहावा किंचित हलला. सातव्याने कण्हल्यासारखी रेघ काढली. आठवा जवळजवळ शाबूत होता.

टाचणी पडद्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "ट्यूब लावली असती तर एका दमात आठही गेले असते. हे थोडं थोडं गेलंय. पहिला मणी येईल ते सगळं स्वतःवर घेतो आणि मागच्यांना वाचवतो. तो भरला की दुसरा."

"थोरल्या भावंडासारखा," मामा म्हणाले. "किती दिवस लागले असतील?"

"आठवडे. रोज थोडं."

"आणि तू महिनाभर शीतगृहात होतीस."

संचालकांनी लायटर परत खिशात घातला आणि तो खिसा वरून थोपटला.

"म्हणजे," मामा म्हणाले, "रोज कुणीतरी येत होतं, नकटीला काहीतरी हुंगायला देत होतं, आणि उत्तराची वाट पाहत होतं. मारायचं असतं तर एक हातोडा पुरला असता. हा मारेकरी नव्हे. याला तिला काहीतरी विचारायचं होतं."

नकटीला हुंगायला कशातून देतात, हे त्यांनी विचारलं. टाचणीने मोरीकडे बोट दाखवलं. रुंद तोंडाची काचेची बरणी, झाकणात दोन नळ्या. नमुना आत ठेवायचा, बरणी कोमट पाण्यात बसवायची, आणि वाफ नकटीला द्यायची. बरणी धुऊन पालथी ठेवली होती, चौघडी घातलेल्या टिपकागदावर, कागदाच्या कडा अगदी जुळवून.

मामांनी झाकण उचललं. रबरी कड्याच्या खाचेत काहीतरी अडकलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि ते उजेडात धरलं.

एक केस. नखाएवढा, पांढरा, पिल्लाच्या लवेसारखा मऊ आणि वळलेला.

मामांनी तो रुमालात बांधला, रुमाल वरच्या खिशात ठेवला, आणि कुणालाही काही न सांगता रिक्षा बोलावली.

४

भाची दार उघडून आत वळली. "चहा टाकते."

"नको. बस. ठमे, औषधांनी ताईचे केस गेले, ते परत आले तेव्हा कसे आले होते?"

"तुला माहीत आहे की. कोंबडीच्या पिल्लासारखे. तू तिला टोपलीत ठेवू का म्हणाला होतास."

"त्यांना काय लावत होतीस?"

भाची मटकन बसली. ती पायाच्या अंगठ्याने फरशीवरची रेघ गिरवत होती.

"आईने शपथ घातली होती," ती म्हणाली.

"कुणाला सांगायचं नाही म्हणून?"

"बाबांना." मग ती उठली, पलंगाखालची पेटी ओढली आणि कपड्यांच्या तळातून एक लहानशी बाटली काढली. वर संत्र्याच्या फुलाचं चित्र. केसांना चमक आणणारं सीरम, म्हणजे मुख्यतः सिलिकोनच. तळाशी थोडंसं उरलेलं.

"केस परत आले ना, तेव्हा आरशात बघून म्हणाली, आता हे किती दिवसांचे पाहुणे, यांचे तरी लाड करू. दुकानात काचेमागे ठेवतात ते आण. मी म्हटलं, बाबा? तर म्हणाली, बाबांना कळायचं नाही, त्यांना नाकाने वास घ्यायची सवयच कुठे आहे. मी लावायचे, मग ती वरून रुमाल बांधायची आणि नुसती बसायची डोळे मिटून. म्हणाली, लग्नात आलेली अशीच एक बाटली जावेला देऊन टाकली होती. तेव्हापासून मनात होतं." भाचीने बाटली मामांपुढे केली. "मामा, तिला इतकी वर्षं हवं होतं आणि तिने मागितलं नाही. शेवटचे तीन महिने मिळालं. तेवढंही मी बाबांना सांगू का?"

मामांनी बाटली उघडून सवयीने नाकाशी नेली. काहीच आलं नाही. पाण्याचा ग्लास हुंगावा तसं.

"निळा रुमाल कुठे आहे ते मला कळलंय," ते म्हणाले.

भाचीने वर पाहिलं. तीही भाऊजींचीच मुलगी होती. तिला कळायला एवढंच पुरलं.

"नको सांगू त्यांना. मामा, तुझ्या पाया पडते. ते मरतील."

"नाही सांगितलं तर त्या पोरीची नोकरी जाते. ती महिनाभर नव्हती हे संचालकांनाही ठाऊक आहे, पण समितीला कुणीतरी हवंय. खरं सांगणारा एकच माणूस आहे, आणि आपण खरं काय केलं ते त्याला माहीतच नाही." मामा उठले. बाटली त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घट्ट गाठ मारली. "शपथ तू घेतली आहेस. मी नाही."

दारात त्यांचा पाय अडखळला. उंबरा नव्हताच तिथे.

५

भाऊजी एकटेच होते. मामा समोर स्टूल ओढून बसले.

"भाऊजी, त्या बरणीत रोज काय ठेवत होता?"

"काही नाही."

"टिपकागदाची अशी चौघडी या जगात एकच माणूस घालतो. ताई म्हणायची, यांची वर्तमानपत्राची घडी बघून इस्त्रीवाला शरमेल." मामांनी रुमाल सोडून तो केस टेबलावर ठेवला.

भाऊजींनी त्याला हात लावला नाही. फक्त वाकून पाहिलं आणि तसेच वाकून राहिले.

"हसाल तुम्ही," ते म्हणाले.

"आज नाही हसणार."

"मुलीने कपडे वाटून टाकायला काढले. मी तो रुमाल उचलला. मला वाटलं, नकटीला दाखवावा. इतकी वर्षं सगळ्या जगाचे वास टिपून घेतले, हिचा कधी घेतलाच नाही. पहिल्या दिवशी आठही रेघा एकदम उठल्या. मेव्हणे, मला वाटलं दार उघडून आत आली."

बाहेर कुणीतरी जिना उतरत होतं. पावलं दूर जाईपर्यंत ते थांबले.

"मग रोज यायचो. पण रेघा रोज थोड्या बुटक्या व्हायला लागल्या. वास उडत होता. ती जात होती परत. म्हणून मी बरणी जास्त तापवली, जास्त वेळ ठेवली, की संपायच्या आत जेवढी मिळेल तेवढी घ्यावी. एक दिवस पहिल्या पाच रेघा उठल्याच नाहीत. मी रुमाल पत्र्याच्या डब्यात ठेवून दिला. म्हटलं, संपलं. आणि काल सोमवारच्या तयारीसाठी अमोनिया दिला, तर नकटीही गेलेली."

"आणि या दोन गोष्टींची सांगड घातली नाहीत?"

"कशी घालणार? तिचा रुमाल म्हणजे या खोलीत आलेली सगळ्यात स्वच्छ वस्तू. तुमच्या बहिणीने माझ्या घरात साधी पावडर आणली नाही कधी. एकदाही नाही."

दुसऱ्या कुणी या उतरत्या रेघा दाखवल्या असत्या, तर या माणसाने अर्ध्या मिनिटात विष ओळखलं असतं. पण त्याने आयुष्यात एकाच गोष्टीची कधी तपासणी केली नव्हती, आणि ती म्हणजे त्याची बायको. तिच्यावर त्याचा विश्वास होता.

मामांनी पिशवीतली बाटली टेबलावर ठेवली.

"लांब! लांब ठेवा ते!" भाऊजी ओरडले. इतक्या वर्षांची सवय. मग त्यांनी बाटलीवरचं चित्र पाहिलं, मग केस पाहिला, मग मामांकडे. त्यांचा वर उचललेला हात हळूहळू खाली आला.

"कधीपासून?"

"शेवटचे तीन महिने. केस परत आल्यावर. ठमी लावून द्यायची. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती."

"का?"

"तुम्ही नको म्हणाल म्हणून नाही," मामा म्हणाले. "तुम्ही हो म्हणाला असता आणि मग रोज अंगणात कपडे बदलून प्रयोगशाळेत गेला असता म्हणून. ओळखत होती ती तुम्हाला."

भाऊजींनी बाटली बोटाने स्वतःकडे वळवली.

"हवं होतं तिला?"

मामांना अनेक उत्तरं सुचली, सगळी दयाळू. पण हयातभर एकही खोटा अहवाल न देणाऱ्या माणसाला ऐन वेळी ते जमेना.

"हो," ते म्हणाले. "लग्नापासून."

६

समितीपुढे भाऊजींनी फार वेळ घेतला नाही. "नकटीला विष मी दिलं," ते उभ्या उभ्या म्हणाले. "अजाणता. नमुना माझा, बरणी माझी, चूक माझी. ही मुलगी महिनाभर इथे नव्हती. आठ मण्यांची साक्ष आहे, हवं तर ती दाखवेल. ती माझ्याहून चांगलं समजावते. नवे मणी तीच घडवील. मी नाही."

"नमुना कसला होता?" संचालकांनी विचारलं.

"घरगुती," भाऊजी म्हणाले आणि बाहेर आले.

मागून टाचणी धावत आली. तिला काहीतरी बोलायचं होतं. पण तिने त्यांचा चेहरा पाहिला, आणि पुढे होऊन फक्त त्यांच्या सदऱ्याची वरखाली लागलेली गुंडी नीट लावून दिली. मग आत गेली. सोमवार पुढे ढकलला गेला होता आणि तिला काम होतं.

आवारातल्या बाकावर दोघे म्हातारे बसले. भाऊजींनी पिशवीतून पत्र्याचा डबा काढला. झाकणाच्या कडेने चिकटपट्टी लावलेली.

"टाकून देतो," ते म्हणाले. "रिकामाच आहे. वास केव्हाच उडाला."

"कुणी सांगितलं?"

"रेघांनी."

"भाऊजी," मामा सावकाश म्हणाले, "रेघा बुटक्या होत होत्या, कारण नकटी मरत होती. वास उडत होता म्हणून नव्हे."

हातातला डबा अचानक जड झाल्यासारखा भाऊजींनी मांडीवर टेकवला. चिकटपट्टी सोडवताना नख दोनदा घसरलं. आत निळा रुमाल होता, कडा जुळवून चौघडी घातलेला.

कुठलीही गोष्ट त्यांनी थेट नाकाला लावून कित्येक वर्षं झाली होती. नाक फसवतं, आकडा फसवत नाही, असं ते विद्यार्थ्यांना शिकवत. त्यांनी रुमाल दोन्ही हातांत धरला, चेहऱ्याशी नेला आणि श्वास घेतला.

खांदे हलत होते. मामा समोरच्या सायकलींकडे अत्यंत बारकाईने पाहत राहिले.

"संत्र्याचं फूल," अखेर रुमालाच्या आतून आवाज आला. "मेव्हणे, हा तिचा वास नाही. हा मला माहीतच नाही."

"तिचाच आहे. तुम्हाला सांगायचा राहिला होता."

भाऊजींनी चेहरा वर केला. "आहे अजून," ते म्हणाले. "पुष्कळ आहे." आणि हातातला रुमाल त्यांनी मामांपुढे धरला, लहान मुलाने आपल्या हातातलं पुढे करावं तसा. "बघा ना. कसा आहे?"

मामांनी रुमाल घेतला. बहिणीच्या डोक्याचा तो रुमाल त्यांनी नाकाशी धरला आणि छातीच्या तळापर्यंत श्वास ओढला. कापड मऊ होतं. बाकी काही नव्हतं.

"फार सुंदर आहे," मामा म्हणाले.

हयातीतला त्यांचा हा पहिला खोटा अहवाल.